गोठा आणि जंगल : काळवीट, म्हशी आणि एक नळीचं हाड

नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगावजवळच्या भुतरामनहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात थोड्याच दिवसांत तीसच्या आसपास काळवीट मेले. तेव्हापासून या सदराकडं येणारी पत्रं बदलली. एरवी म्हैस माजावर येत नाही, शेळी पाला सोडते, गाभण गाय पाय ओढते, असंच बहुतेकांचं विचारणं असतं. आता लोक प्रयोगशाळा, विद्यापीठ, नमुना असे शब्द लिहू लागलेत. मी एकतीस वर्षं या जिल्ह्यात जनावरांच्या दवाखान्यांत काढली, त्यामुळं ही पत्रं वाचताना मला मनापासून बरं वाटलं. त्यातली काही थोडी आखूड करून इथं घेते. नेहमीप्रमाणे नावं नाहीत, फक्त गावं.

होनग्याहून एक ताई लिहितात : डॉक्टरअक्का, आमच्या चार म्हशी. प्राणिसंग्रहालय आमच्या रानापासून लांब नाही. काळवीट कशानं गेले? कुणी गळघोटू म्हणतं, कुणी म्हणतं पाण्यात विष पडलं. आमच्या म्हशींना धोका आहे का? डेअरीला दूध घालायचं बंद करू का?

ताई, दूध घालायचं बंद करू नका. विषाची गोष्टही मनातून काढून टाका. बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याहून तज्ज्ञ आले, नमुने बंगळूरला गेले आणि तपासणीत निघाला तो जनावरांचा घटसर्प. हिंदीत त्यालाच गळघोटू म्हणतात, आपल्याकडचे कन्नड शेतकरी गंटलबेने म्हणतात. नावं तीन, रोग एक, आणि तुमच्या सासूबाईंनाही तो ठाऊक असणार. पहिल्या पावसात म्हशीचा गळा सुजतो, ताप चढतो, तोंडातून लाळ गळते, श्वास घर्र घर्र वाजतो आणि सकाळी धार काढलेली म्हैस रात्रीपर्यंत जाते.

तुम्ही विचारलंय, तर तो जंतू दिसतो कसा तेही सांगते. जनावराच्या रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा, वर लीशमनचा रंग घालायचा, थोड्या वेळानं पाण्यानं धुवायचा. सूक्ष्मदर्शकाखाली तांबूस पेशींच्या गर्दीत बारीक लांबट ठिपके दिसतात. दोन्ही टोकांना गडद, मधे फिकट. मिटलेली सेफ्टी पिन जशी दिसते तशी. हे पाश्चुरेला मल्टोसिडा. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ डोळा भिंगावरून काढला नव्हता. एवढासा जीव आणि पाचशे किलोची म्हैस आडवी करतो.

आता तुमचा खरा प्रश्न. हे जंतू पुष्कळदा धडधाकट जनावराच्या घशातच असतात, टॉन्सिलच्या आसपास, काही न करता. जनावर भिजलं, उपाशी राहिलं, गाडीतून लांबवर नेलं, हवा एकदम फिरली, की अंगातला जोर कमी होतो आणि ते वाढतात. मग एकापासून दुसऱ्याला नाका-तोंडातल्या लाळेनं, एकाच डोणीत पाणी प्यायल्यानं रोग जातो. ओल्या जमिनीत ते काही दिवस तगतात. म्हणून पावसाळा वाईट. म्हशीला हा रोग गाईपेक्षा जास्त झोंबतो. आणि रोगाला कुंपण कळत नाही. वाऱ्यानं उडालेली वैरण, गाडीची चाकं, माणसाच्या पायातली चप्पल, आतबाहेर फिरणारं कुत्रं, एवढं पुरतं. काळवीट आजारी पडलं तर बाहेरच्या म्हशीनं सावध व्हायचं आणि म्हैस आजारी पडली तर आतल्या काळविटाची काळजी घ्यायची.

काळवीट इतक्या झटपट का मेले असंही तुम्ही पुढं विचारलंय. रानटी जनावर आजार लपवतं. कळपात लंगडणाऱ्यावर वाघ-लांडग्याची नजर जाते, म्हणून ते शेवटपर्यंत ताठ उभं राहतं. आपल्याला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. अशीच गोष्ट २०१५ च्या मे महिन्यात कझाकस्तानच्या गवताळ रानात घडली, पण तिचं माप फार मोठं. सैगा नावाचं फुगीर नाकाचं हरीण तिथं आहे. सुमारे तीन आठवड्यांत दोन लाखांवर सैगा मेले. कारण हेच, पाश्चुरेला. त्या दिवसांत तिथली हवा नेहमीपेक्षा उबदार आणि दमट झाली होती, हे नंतर तपासात निघालं. हा तपास लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या आणि कझाकस्तानच्या लोकांनी मिळून केला आणि तो जमला कारण त्यांची माणसं आधीपासूनच त्या रानात होती. पाडसं किती जन्मतात ते मोजायला आली होती. पहिलं जनावर पडलं तेव्हा माणूस शेजारी होता, सुरी होती, बाटल्या होत्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढच्या उत्तरात लागेल.

तुम्ही करायचं ते एवढंच. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, चारही म्हशींना घटसर्पाची लस टोचून घ्या आणि दरवर्षी घ्या. गाभण आहे, दूध कमी होईल, म्हणून एखादी मागं ठेवू नका. दोन दिवस दूध थोडं उतरेल, परत चढेल. हरणांना पकडून लस टोचणं फार जोखमीचं असतं, धावपळीनं आणि भीतीनंच त्यांचे स्नायू निकामी होऊन ती मरतात. म्हणून भुतरामनहट्टीच्या काळविटाचं रक्षण पुष्कळसं तुमच्या आणि कडोलीच्या गोठ्यांतल्या लशीवर अवलंबून आहे. शेजारणींना पण सांगा.

बेळगावहून बारावीतला एक विद्यार्थी लिहितो : मॅडम, आपल्याकडं एवढी कॉलेजं असताना बन्नेरघट्ट्याहून माणसं का यावी लागली? प्राणिसंग्रहालय आणि विद्यापीठ एकत्र येऊन नेमकं काय करतात? मला पशुवैद्यक शाखेला जायचं आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू जावंस असं मला फार वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आपल्याच बाजूनं करू. जनावरांच्या रोगांवर काम करणारी देशातली पहिली मोठी प्रयोगशाळा १८८९ साली पुण्यात निघाली. इंपीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी असं तिचं नाव. रोगजंतू हाताळायचे तर वस्तीपासून लांब बरं, म्हणून १८९३ मध्ये ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. आजची बरेलीजवळची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. बुळकांडी नावाचा गुरांचा रोग तुझ्या आजोबांनी पाहिलेला असेल, गावंच्या गावं रिकामी व्हायची. २०११ साली तो सगळ्या पृथ्वीवरून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं समूळ संपवलेला हा दुसरा रोग. आणि देवीचं म्हणशील तर टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तू क्रिकेट खेळला असशील. देवीची लस तिथं तयार व्हायची. माणसाची लस आणि वासराचं अंग यांचं नातं आपल्या शहराला जुनं आहे. मी रोज सकाळी त्या झाडांखालून चालते आणि हे कुणाला तरी सांगावंसं वाटतं.

प्राणिसंग्रहालयात अशी एक गोष्ट असते जी जंगलात मिळत नाही. तिथं प्रत्येक जनावराची वही असते. कधी जन्मलं, काय खाल्लं, वजन किती, कधी शिंकलं. आणि मेलं तर शवविच्छेदन करावंच लागतं, तसा नियम आहे. विद्यापीठाकडं असतात यंत्रं, जुने नमुने आणि एकाच जंतूमागं आयुष्य घालवलेली माणसं. या दोन्हींची गाठ पडली की काय होतं याची मला आवडणारी एक गोष्ट ऐक.

१९९९ चा उन्हाळा संपत आलेला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात वयस्कर माणसं मेंदूच्या तापानं दवाखान्यात येत होती. सरकारी तज्ज्ञांचं निदान झालं, सेंट लुईस मेंदूज्वर. त्याच दिवसांत ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाच्या आवारात कावळे मरून पडत होते, मग आतले फ्लेमिंगोही जाऊ लागले. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅकनामारा यांनी पक्षी उघडून पाहिले, तर मेंदूत सूज. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही. दुसरा संशय घोड्यांच्या एका मेंदूज्वराचा, पण तो असता तर एमू पक्षी आधी मेले असते, आणि त्यांचे एमू ठणठणीत होते. कुठलं जनावर मेलं यापेक्षा कुठलं जगलं यावरून त्या बाईंनी ओळखलं की हे काही वेगळंच आहे. त्या गप्प बसल्या नाहीत, नमुने वेगवेगळ्या प्रयोगशाळांना पाठवत राहिल्या. निघाला वेस्ट नाईल विषाणू, अमेरिकेत तोवर कधीच न दिसलेला. माणसं आणि कावळे एकाच रोगानं जात होते.

दुसरी गोष्ट बेडकांची. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात निळे विषारी बेडूक मरत होते, कातडी सुटायची. तिथल्या पॅथॉलॉजिस्टांना कातडीत एक अनोळखी बुरशी दिसली. त्यांनी मेन विद्यापीठातल्या जॉइस लाँगकोर यांना गाठलं, कारण तसल्या पाणबुरशीचा अभ्यास त्यांनी केला होता. १९९९ मध्ये तिघांनी मिळून त्या बुरशीला नाव दिलं. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत रानच्या रानं बेडकांविना मुकी का झाली, त्याचं उत्तर हीच बुरशी निघाली. ती बुरशी आपल्या पश्चिम घाटातल्या बेडकांवरही सापडली आहे. पावसात आंबोलीला जाशील तेव्हा बूट धुऊन जा.

हत्तींचं तर अजून चालूच आहे. १९९५ साली त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात कुमारी नावाचं हत्तीचं पिल्लू अचानक गेलं, दीड वर्षाचंही नव्हतं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या मदतीनं कारण शोधलं तेव्हा हत्तींचा एक हर्पीस विषाणू सापडला. ओडिशात नंदनकाननला २०१९ मध्ये याच विषाणूनं चार लहान हत्ती गेले. ह्यूस्टन प्राणिसंग्रहालय आणि तिथलं बेलर वैद्यकीय महाविद्यालय बरीच वर्षं या एका रोगामागं लागली होती. माहूत तरुण हत्तींना शिकवतात, कान पुढं कर, पाय वर घे, मग रक्त काढतात आणि वर फळ देतात. असं निरोगी असताना नेमानं घेतलेलं रक्त साठलं म्हणून २०२४ च्या जूनमध्ये टेस नावाच्या हत्तिणीला या रोगाची पहिली एमआरएनए लस देता आली.

निरोगी असतानाचं रक्त, हा शब्द लक्षात ठेव. माझं सगळं म्हणणं त्यात आहे. आपण रोग आल्यावर पळतो. काळविटाचं साधारण तापमान किती, त्याच्या रक्तात कुठल्या पेशी किती, थंडीत वजन किती उतरतं, हे आधीपासून लिहून ठेवलेलं असेल तर पहिलं जनावर मरायच्या आत कुणाच्या तरी लक्षात येतं. कझाकस्तानात माणसं आधीच रानात होती असं वर म्हटलं ते याचसाठी.

आता बन्नेरघट्टाच का, ते. तिथं मोठं प्राणिसंग्रहालय आहे, हाताशी वन्यप्राण्यांचे अनुभवी डॉक्टर आहेत, शेजारी बंगळुरात हेब्बाळचं जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि येलहंक्याला निवेदी ही रोगांच्या साथींचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आहे. हैदराबादला सीसीएमबी या केंद्रीय संस्थेची वन्यप्राण्यांवर काम करणारी लाकोन्स प्रयोगशाळा आणि नेहरू प्राणिसंग्रहालय यांचं असंच नातं आहे. २०२१ मध्ये तिथल्या आठ सिंहांना कोविड झाल्याचं त्यांनीच ओळखलं. नागपूरला गोरेवाड्यात तर महाराष्ट्राच्या पशुविज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव केंद्र प्राणिसंग्रहालयाला लागूनच आहे.

आपल्याकडचं पशुवैद्यक विद्यापीठ २००४ पासून बिदरला आहे. अथणी तालुक्यात कोकटनूरला आता पशुवैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलंय, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. माझी फार इच्छा आहे की तिथल्या मुलांचा एक महिना भुतरामनहट्टीत जावा. रोज सकाळी लेंड्या बघायच्या, वही लिहायची, महिन्यातून एकदा होनगा-कडोलीच्या गोठ्यांत जाऊन गळे चाचपायचे. यात यंत्र लागत नाही, खर्चही फारसा नाही. नकाशा घेऊन बस आणि बघ. पुण्याचं कात्रज प्राणिसंग्रहालय, शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, कागल, निपाणी, भुतरामनहट्टी, बेळगाव, बंगळूर, हे सगळं एकाच हमरस्त्यावर ओवलेलं आहे. २०२५ च्या जुलैत कात्रजला लाळ्या-खुरकुतानं चितळं दगावली, नोव्हेंबरात आपल्याकडं घटसर्पानं काळवीट. रोग वेगळे, पण दोन्ही गोठ्यातले. निपाणीच्या गाईला शिरवळ जवळ पडतं आणि तिचे कागद मात्र बंगळुरातून फिरतात. दोन राज्यांच्या विद्यापीठांनी नमुन्यापुरता तरी हा रस्ता मोकळा ठेवावा असं मला कळकळीनं वाटतं. तू शिकून आलास की हे मागायला तुझा आवाज माझ्यापेक्षा मोठा असेल.

निपाणीहून एक शिक्षक लिहितात : संशोधनाच्या नावाखाली पिंजऱ्यातल्या मुक्या जनावरांवर प्रयोगच होणार ना? मुळात प्राणिसंग्रहालयं हवीत कशाला?

गुरुजी, पिंजऱ्यात येरझाऱ्या घालणारा बिबट्या मलाही बघवत नाही. लहान, सिमेंटच्या पिंजऱ्यांविरुद्ध तुम्ही लिहाल तर सही करायला मी येते.

पण इथं ज्याला संशोधन म्हणतात त्यात बहुतेक वेळा जनावराला हातसुद्धा लागत नाही. लेंडी, शेण, गळलेलं पीस, खाल्लेल्या चाऱ्याचं उरलेलं, एरवीच्या तपासणीत काढलेल्या रक्तातलं दोन थेंब, आणि मेलेलं शरीर. काळवीट तर कायद्यानं सगळ्यात वरच्या संरक्षणातलं जनावर, त्याच्या नमुन्यालाही परवानगी लागते. रोग टोचून बघण्याची गोष्ट इथं नाही. माझं मत विचाराल तर जे जनावर आपण कोंडून ठेवलं त्याच्या मरणाचं कारण न शोधता त्याला पुरणं हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय.

संकेश्वरहून एक वाचक : बर्ड फ्लूनं वाघ मेले हे खरं का? आमच्या मांजराला कोंबडीची आतडी घालतो.

खरं आहे. २०२४ च्या डिसेंबरात गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेनं एच५एन१ असल्याचं सांगितलं, आणि मग देशभरच्या प्राणिसंग्रहालयांना सावध केलं गेलं. मांजर वाघाचंच नातलग. आतडी शिजवून घाला, कच्ची घालू नका. कुक्कुटपालनात एकाएकी कोंबड्या मरू लागल्या तर त्यातलं काहीच मांजराला किंवा कुत्र्याला द्यायचं नाही.

जांबोटीहून एक काका लिहितात : आम्ही काजूच्या हंगामात गोव्याकडं कामाला जातो. रानात मेलेलं माकड दिसलं तर काय करायचं? पोरं काठीनं ढोसतात. आणि जंगल खात्याची माणसं आमच्या गुरांना, कुत्र्यांना लस टोचा म्हणतात, त्यांचा काय संबंध?

काका, पोरांना आधी लांब करा. मेलेल्या माकडाच्या अंगावरून गोचिडी उतरतात आणि दुसरं अंग शोधतात. त्यांच्या चावण्यानं माकडताप होतो. १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात वानरं पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसंही तापानं पडू लागली. माकडं मरतात म्हणजे पीतज्वर तर नव्हे, अशी आधी भीती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या लोकांनी तिथं मुक्काम ठोकला आणि अगदी नवा विषाणू शोधून काढला. २०१५ पासून तो गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्गाकडं माणसांत दिसतोय, म्हणजे तुम्ही काजू गोळा करता त्याच पट्ट्यात. थंडी सरता सरता ते पाऊस लागेपर्यंत हे दिवस वाईट.

मेलेलं माकड दिसलं की हात लावायचा नाही, पुरायचं नाही, जाळायचं नाही. जागा लक्षात ठेवायची आणि वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. ते माकड म्हणजे तुम्हाला आलेला सांगावा आहे, आणि तो प्रयोगशाळेपर्यंत गेला तरच उपयोगी. कामाला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात मोजे, आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि अंगावर गोचीड आहे का ते एकमेकांनी बघायचं. पाल्यावर बसू नका. ताप आला तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा की काजूच्या बागेत होतो.

लशीचं म्हणाल तर तुमच्या मागं भीमगड अभयारण्य आहे. अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांना रोगप्रतिबंधक लस द्यावी हे वन्यजीव कायद्यातच आहे. तुमची गुरं आणि गवे एकाच झऱ्यावर पाणी पितात. आणि कुत्र्यांचं ऐका. २०१८ साली गीरमध्ये थोड्याच दिवसांत तेवीस सिंह मेले, त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. आपला बिबट्या रात्री कुत्र्यावरच येतो. कुत्र्याला टोचलेली सुई बिबट्यालाही राखते.

चिकोडी तालुक्यातून एक शेतकरी भाऊ : आमच्या बैलजोडीतला एक बैल गेला. डॉक्टर म्हणाले चिरून बघू. आई नको म्हणाली, तसंच पुरलं. मेल्यावर कारण कळून काय उपयोग, अक्का? जनावर काही परत येत नाही.

भाऊ, तुमच्या आईंचं मन मला कळतं. पोळ्याला ज्याच्या शिंगांना रंग लावला त्याच्यावर सुरी चालवायची म्हणजे काळजाला घर पडतं. मी कधी कुणावर जबरदस्ती केली नाही.

पण एक सांगते. १९९४ चा जून. नंदगडच्या पलीकडच्या एका गावात पहिल्या पावसाबरोबर म्हशी पडू लागल्या. तिसरी म्हैस ज्या बाईची गेली ती पदर तोंडाला लावून दारात उभी होती. म्हणाली, "अक्का, घरची लक्ष्मी हाय, कापू नका." मी तिच्याबरोबर उंबऱ्यावर बसले. बराच वेळ दोघी काही बोललो नाही. मग तीच उठली आणि म्हणाली, "कापा, पण माझ्यासमोर नको."

नाका-गुदातून काळं न गोठणारं रक्त येत नव्हतं, म्हणजे काळपुळीची, अँथ्रॅक्सची, ती खूण नव्हती. ते आधी बघायचंच असतं, कारण काळपुळीचं जनावर कधीच उघडायचं नसतं. मी उघडलं. गळ्याच्या कातडीखाली पिवळसर पाण्यानं भरलेली सूज, काळजावर रक्ताचे ठिपके. पायाचं एक नळीचं हाड काढलं. कुजू लागलेल्या शरीरातही हाडाच्या आतला मगज बराच वेळ शाबूत राहतो, म्हणून घटसर्पाला हाड पाठवतात. स्वच्छ फडक्यात गुंडाळलं, वर प्लास्टिक, थर्माकोलच्या डब्यात खानापूरच्या मासळी बाजारातला बर्फ. रात्रीच्या बसच्या कंडक्टरच्या हाती दिलं.

काचपट्टीवर मला त्याच संध्याकाळी सेफ्टी पिना दिसल्या होत्या. मी लस मागितली. वरून सांगणं आलं, प्रयोगशाळेचा कागद आणा. कागद सव्वीस दिवसांनी आला. माझ्याजवळ होती ती औषधं मी टोचत फिरले, काही वाचल्या. तोवर त्या गावातल्या नऊ म्हशी गेल्या होत्या. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. त्यावर घटसर्प एवढा एकच शब्द टंकलेला आहे.

तो घेऊन मी त्या बाईकडं गेले. तुम्ही म्हणता तसंच मला वाटत होतं, आता हिला सांगून काय. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हंजे रोगच हुता?" मी म्हटलं, होय, रोगच. ती खाली बसली. शेजारच्या घरात तिची जाऊ राहायची. म्हैस पडली त्याच्या आदल्या दिवशी जावेनं गोठ्यात डोकावून दुधाचं कौतुक केलं होतं. हिनं ते दृष्ट लावली, करणी केली असं धरलं होतं. महिनाभर दोन्ही घरांत बोलणं नाही, मधल्या भिंतीतलं दार लाकूड ठोकून बंद केलेलं. पोरांनाही एकमेकांकडं जाऊ देत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी लस मिळाली आणि मी सकाळी लवकर त्या गावात पोचले. मधलं दार उघडं होतं. काढलेलं लाकूड भिंतीला टेकवून ठेवलेलं. जाऊ आपल्या रेडकाचा कान धरून उभी होती आणि ही त्याच्या मानेवरून हात फिरवत होती, सुई लागताना ते उडी मारू नये म्हणून. दोन्ही घरची मिळून अकरा जनावरं टोचली.

तुमचा दुसरा बैल गोठ्यात आहे असं तुम्ही पत्रात लिहिलंय. तो वैरण खातो का, गळ्याला हात लावला तर दुखतं का, हे आजच बघा. काही वावगं वाटलं तर १९६२ ला फोन करा, फिरतं पथक येतं. आणि आईंना माझा नमस्कार सांगा.